पेढीचा गल्ला आणि छात्राचे खाते

व्यापारी घरात पैसा एकत्र राहतो. दुकानाचा गल्ला, घरखर्चाची रक्कम, आजीच्या नावावरची ठेव, सुनेच्या खात्यातील शिल्लक आणि मुलाच्या नावाने उघडलेले बचत खाते ही सारी एकाच हिशेबाची पाने समजली जातात. गरज पडली की एका पानावरची रक्कम दुसऱ्या पानावर जाते, मुनीम जमा आणि नावे लिहितो, दिवाळीला मेळ बसतो. या रीतीने अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तगली आणि मंदीच्या काळात भावाने भावाला सावरले. मात्र याच घरातील मुलगा किंवा मुलगी सैनिकी प्रबोधिनीत दाखल होते, तेव्हा ही जुनी सवय प्रथमच अडचणीची ठरू शकते. प्रबोधिनीतील छात्राचे बँक खाते त्याचे स्वतःचे असावे लागते, त्यातील प्रत्येक नोंदीचा खुलासा त्याला स्वतःला करता यावा लागतो आणि ते घरापासून शेकडो कोस दूर राहूनही चालवता यावे लागते.

प्रवेशपत्र हाती आल्यावर घरात गणवेश, बूट, पेटी, वैद्यकीय कागदपत्रे यांची धावपळ सुरू होते. खात्याचा विषय बहुधा शेवटच्या दोन दिवसांत निघतो आणि ‘आपल्या बँकेत आहेच की खाते’ या वाक्यावर संपतो. तो थोडा आधी आणि थोडा सविस्तर हाताळला, तर पुढील चार वर्षांतील पुष्कळ धावपळ वाचते.

खर्च कोणाचा, किती

पुण्याजवळील खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी हे या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १९४९ मध्ये तिची कोनशिला बसली आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे कार्य तेथे विधिवत सुरू झाले. संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा प्रवेश परीक्षा घेतो. प्रवेशाच्या वेळी छात्राचे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस असते. तीन वर्षांची सहा सत्रे पूर्ण झाल्यावर भूदलाचे छात्र देहरादूनला, नौदलाचे केरळातील एळीमला येथे आणि वायुदलाचे हैदराबादजवळील दुंडीगल येथे पुढील प्रशिक्षणासाठी जातात. २०२२ पासून मुलींनाही येथे प्रवेश मिळू लागला आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी येथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडली.

राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश, वैद्यकीय उपचार आणि प्रशिक्षण यांचा खर्च शासन उचलते. हातखर्च आणि वैयक्तिक खर्च मात्र पालकांनी करावयाचा असतो. आयोगाच्या अलीकडील वर्षांतील अधिसूचनांत हा खर्च सामान्यतः दरमहा ३,००० रुपयांपेक्षा अधिक होऊ नये असे नमूद आहे. याच हिशेबाने पहिल्या पाच महिन्यांचा हातखर्च, म्हणजे १५,००० रुपये, आणि त्याखेरीज कपडे व इतर बाबींच्या ठरावीक रकमा प्रवेशाच्या वेळी भराव्या लागतात. नेमके आकडे प्रत्येक तुकडीच्या रुजू होण्याच्या सूचनापत्रात असतात आणि तेच प्रमाण मानावेत. ज्या पालकांना हा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी उत्पन्नाच्या मर्यादेत आर्थिक साहाय्याची तरतूदही आहे.

खडकवासल्याच्या तीन वर्षांत छात्राला वेतन नसते. दरमहा ३,००० रुपये धरले तर वर्षाचे ३६,००० आणि तीन वर्षांचे १,०८,००० रुपये होतात. सुटीचा प्रवास आणि किरकोळ खरेदी निराळी. व्यापारी कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम मोठी नाही. म्हणूनच तिच्या हिशेबाकडे दुर्लक्ष होते. चौथ्या वर्षी चित्र बदलते. भूदलाच्या छात्रास देहरादूनच्या प्रशिक्षणकाळात सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीनुसार दरमहा ५६,१०० रुपयांचे विद्यावेतन मिळू लागते. ज्या मुलाने तीन वर्षे तीन हजारांचा हिशेब स्वतः ठेवलेला नाही, त्याच्या हाती अचानक ही रक्कम येते. खाते लवकर आणि नीट उघडण्याचे खरे कारण येथे आहे. पहिली तीन वर्षे ही पैसा सांभाळण्याची शिकवणीच आहे.

अठराव्या वाढदिवसाची अडचण

अनेक छात्र रुजू होतात तेव्हा कायद्याने अज्ञान असतात. त्यांचे खाते आई किंवा वडील पालक म्हणून चालवत असतात. दहा वर्षांवरील अज्ञान मुलाला स्वतः बचत खाते उघडून चालवण्याची मुभा बँका देऊ शकतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये या विषयीचे नियम एकत्रित करून पुन्हा स्पष्ट केले. रकमेची मर्यादा आणि कार्ड, चेकबुक किंवा नेटबँकिंग द्यायचे की नाही हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. आईलाही पालक म्हणून असे खाते उघडता येते.

अडचण येते ती अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. त्या दिवसापासून खाते पालकाच्या सहीने चालू शकत नाही. नवी नमुना सही, नवे छायाचित्र, ओळखपत्रे आणि खाते कसे चालवायचे याच्या नव्या सूचना बँकेला द्याव्या लागतात. तोपर्यंत बँक व्यवहार थांबवू शकते. दुकानात बसणारा मुलगा दुपारी शाखेत जाऊन हे काम अर्ध्या तासात उरकतो. खडकवासल्यातील छात्राला पहाटेच्या कवायतीपासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत घड्याळाच्या काट्यावर दिवस काढावा लागतो. गावच्या शाखेत हजर राहण्यासाठी त्याला सत्र संपण्याची वाट पाहावी लागते. यासाठी रुजू होण्यापूर्वीच मुलाची जन्मतारीख समोर ठेवून बेत आखावा. अठरावे वर्ष लवकरच पूर्ण होणार असेल, तर बँकेत आधी विचारून ठेवावे की हे रूपांतर दुसऱ्या शाखेतून होईल काय आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील. अठरा वर्षे आधीच पूर्ण झाली असतील, तर अज्ञानाचे जुने खाते ओढत न बसता सज्ञान म्हणून स्वतंत्र खाते उघडावे.

याच ओघात दोन कागद तपासून घ्यावेत. अज्ञानाच्या नावे काढलेल्या पॅन कार्डावर मुलाचे छायाचित्र आणि सही नसते. सज्ञान झाल्यावर ते अद्ययावत करावे लागते. आधारची बोटांच्या ठशांची नोंद वयाच्या पंधराव्या वर्षी नव्याने करायची असते. ती राहून गेली असेल, तर ओळख पटवताना ऐन वेळी ठसे जुळत नाहीत. नावाचे स्पेलिंग, मधले नाव आणि आडनावाचा क्रम शाळेचा दाखला, आधार, पॅन व बँक या चारही ठिकाणी एकच असावा. घराण्याचे मूळ आडनाव आणि व्यवहारातील आडनाव वेगळे असलेल्या कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

बँक निवडताना

गावची सहकारी बँक ही व्यापाऱ्याची जुनी सोबती. तेथे व्यवस्थापक ओळखीचा, एक शब्द टाकला की काम होते. पेढीसाठी हे मोलाचे आहे. छात्राची गरज मात्र निराळी असते. त्याचे आयुष्य पुणे, देहरादून किंवा दुंडीगल आणि त्यानंतर देशाच्या कोणत्याही सीमेवर जाणार आहे. म्हणून ज्या बँकेच्या शाखा आणि एटीएम देशभर आहेत, अशीच बँक निवडणे हिताचे. सर्वप्रथम सूचनापत्र वाचावे. विशिष्ट बँकेत किंवा विशिष्ट प्रकारचे खाते असावे असे त्यात सांगितले असेल, तर तेथेच प्रश्न सुटतो. खडकवासल्याच्या परिसरात भारतीय स्टेट बँकेची शाखा आहे, हेही लक्षात घेण्याजोगे.

सूचनापत्राने निवड मोकळी ठेवली असेल, तर चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, किमान शिल्लक. हातखर्चाच्या खात्यात पैसे येतात आणि जातात. किमान शिल्लक न राहिल्याने दंड बसणारे खाते त्यासाठी योग्य नाही. मूलभूत बचत ठेव खात्यात किमान शिल्लकीची अट नसते. मात्र महिन्यातून ठरावीक वेळाच विनाशुल्क पैसे काढता येतात आणि त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. विद्यार्थ्यांसाठीची शून्य शिल्लक खातीही असतात. त्यांच्या अटी वाचाव्यात. दुसरी, एटीएमचे शुल्क. स्वतःच्या बँकेच्या यंत्रातून महिन्याला साधारण पाच वेळा विनाशुल्क पैसे काढता येतात, दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून महानगरांत त्याहून कमी वेळा. जवळ कोणत्या बँकेचे यंत्र आहे, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. तिसरी, घरापासून दूरच्या शाखेत सही, पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक बदलण्याची सोय. चौथी, पुढे हेच खाते सेनादलांच्या वेतन खात्यात रूपांतरित होईल काय.

सुरक्षिततेचा प्रश्नही येथेच येतो. वाणिज्य बँका आणि नागरी सहकारी बँकांतील ठेवींना एका ठेवीदारामागे, एका बँकेत, व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही. पतसंस्था जास्त व्याज देते म्हणून मुलाच्या शिक्षणाची सगळी पुंजी तेथे ठेवणारी कुटुंबे आजही आढळतात. नातेसंबंध सांभाळण्यासाठी पतसंस्थेत काही रक्कम ठेवण्यास हरकत नसावी. पण ज्या रकमेवर मुलाची चार वर्षे अवलंबून आहेत, ती विमाछत्राखालील बँकेतच असावी.

संयुक्त खाते असावे काय

वडिलांचे नाव मुलाच्या खात्याला जोडले की काळजी मिटली, असे वाटते. सोय खरोखरच आहे. ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने चालणाऱ्या खात्यातून वडिलांना घरबसल्या व्यवहार पाहता आणि करता येतात. परंतु व्यापाऱ्याच्या नावाशी धंद्याची देणी जोडलेली असतात. एखाद्या वसुलीत किंवा करविषयक कार्यवाहीत वडिलांच्या खात्यांवर टाच आली, तर संयुक्त खातेही तिच्या तावडीत सापडू शकते. मग मुलाचा हातखर्च पेढीच्या वादात अडकतो.

यापेक्षा दोन खात्यांची रीत अधिक सुटसुटीत. एक खाते फक्त छात्राच्या नावाचे, त्याच्या कार्डाचे, त्याच्या सहीचे. दुसरे खाते आई किंवा वडिलांच्या नावाचे, त्यात मुलासाठी बाजूला काढलेली रक्कम. या दुसऱ्या खात्यातून दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम छात्राच्या खात्यात आपोआप जाईल, अशी स्थायी सूचना बँकेला द्यावी. मुलगा फोन करून पैसे मागत नाही, वडील विसरत नाहीत आणि घरी नोंद आपसूक राहते. छात्राच्या खात्यात दोन महिन्यांच्या खर्चाहून अधिक रक्कम साठू देऊ नये. कार्ड हरवले किंवा कोणी फसवले, तरी नुकसान तेवढ्यापुरतेच राहते.

एकच मोबाइल, सगळी खाती

व्यापारी घरांत आणखी एक सवय रुजलेली आहे. आई, पत्नी, मुले, सर्वांच्या खात्यांना वडिलांचाच भ्रमणध्वनी क्रमांक जोडलेला असतो. ओटीपी त्यांच्याकडे येतो, तेच मंजुरी देतात. छात्राच्या बाबतीत ही व्यवस्था पहिल्याच आठवड्यात कोलमडते. पैसे काढायला किंवा पाठवायला त्याला दर वेळी घरी विचारावे लागते. उलट बाजूने पाहता, खात्यात कोणी काही गैर केले तर संदेश वडिलांना जातो आणि खातेदार अनभिज्ञ राहतो.

छात्राच्या खात्याला छात्राचाच क्रमांक जोडावा. येथे एक दक्षता हवी. प्रशिक्षणाच्या आरंभीच्या काळात भ्रमणध्वनी हाताशी असेलच असे नाही. दीर्घकाळ वापर आणि रिचार्ज नसेल तर सिमकार्ड बंद होते. सलग ९० दिवसांच्या निष्क्रियतेनंतर कंपनी क्रमांक काढून घेऊ शकते आणि काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला देते. ज्या क्रमांकावर खात्याच्या सूचना येतात, तोच परक्याच्या हाती जाणे ही गंभीर बाब आहे. म्हणून रुजू होण्यापूर्वी दीर्घ मुदतीचे रिचार्ज करून ठेवावे, आणि खात्याच्या माहितीसाठी ई-मेलही नोंदवावा. यूपीआय वापरता आले नाही तरी कार्डाने आणि चेकने काम चालते. चेकबुक घेऊन ठेवणे म्हणूनच उपयोगी.

कार्डाचा गुप्त क्रमांक घरी लिहून ठेवण्याचा आग्रह धरू नये. आई-वडिलांनाही तो माहीत असण्याचे कारण नाही. नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ग्राहकाला हवे तेवढेच सुरू करता येतात आणि दिवसाची मर्यादाही ठरवता येते. छात्राने ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा लहान ठेवावी.

पेढीचा व्यवहार या खात्यात नको

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा. मुलगा बाहेरगावी आहे, त्याच्या खात्यात फारशी हालचाल नाही, तेव्हा ‘तात्पुरते’ म्हणून पेढीची रक्कम त्यात घ्यावी, असा मोह होतो. कधी उधारीची वसुली, कधी दिवसाच्या अखेरची रोकड, कधी एखाद्या ओळखीच्या व्यापाऱ्याची विनंती. यात कोणाचा हेतू वाईट नसतो. परिणाम मात्र खातेदाराला भोगावे लागतात.

समजा, सांगलीच्या हळदीच्या एका पेढीत ग्राहकाकडून ४८,००० रुपये यायचे आहेत. पेढीच्या चालू खात्याचा क्यूआर त्या दिवशी चालत नाही. काका सांगतात, प्रबोधिनीत गेलेल्या पुतण्याच्या खात्यावर पाठवा. रक्कम येते, त्याच दिवशी पेढीत वळती होते. पंधरा दिवसांनी कळते की ग्राहकाला ती रक्कम ज्याच्याकडून मिळाली, त्याने ती कोणाची तरी फसवणूक करून मिळवली होती. सायबर गुन्ह्याची तक्रार झाली की तपासयंत्रणा पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला, त्यांचा माग काढते आणि बँका त्या खात्यांतील रक्कम रोखतात किंवा खातेच गोठवतात. पुतण्याचे खाते बंद पडते. त्याला काहीच ठाऊक नसते. कार्ड चालत नाही हे त्याला सुटीच्या दिवशी एटीएमपुढे उभे राहिल्यावर समजते. खुलासा मात्र खातेदार म्हणून त्यानेच करायचा असतो: पैसे कोणाचे, कशाचे, खात्यात का आले. व्यापाराशी संबंध नसलेल्या छात्राकडे या प्रश्नाचे सरळ उत्तर नसते.

दुसरी बाजू कराची. बचत खात्यातील मोठे रोख भरणे, व्याज आणि इतर व्यवहार यांची माहिती आयकर खात्याच्या वार्षिक विवरणात पॅनच्या नावाने उमटते. अज्ञान पाल्याच्या ठेवीवरील व्याज सामान्यतः पालकाच्या उत्पन्नात धरले जाते. सज्ञान झाल्यावर ते त्याचे स्वतःचे उत्पन्न ठरते. पेढीची विक्री मुलाच्या खात्यात आली, तर पेढीच्या वस्तू व सेवा कराच्या हिशेबाशी तिचा मेळ बसत नाही. शिवाय बचत खाते हे बचतीसाठी असते. धंद्याच्या उलाढालीसाठी चालू खाते आहे. पुढे हाच मुलगा अधिकारी होणार आहे. सेवेतील अधिकाऱ्याला खासगी व्यापार करण्याची मोकळीक नसते. त्याच्या खात्यात व्यापाराच्या नोंदी असणे त्याच्या हिताचे नाही.

म्हणून घरात स्पष्ट ठराव असावा. मुलगा किंवा मुलगी रुजू झाल्याच्या दिवसापासून त्या खात्यात ठरलेला हातखर्च, नातेवाइकांनी सणावाराला दिलेली भेट आणि पुढे विद्यावेतन, एवढेच येईल. चेकबुकावर आधी घेतलेल्या कोऱ्या सह्या परत कराव्यात किंवा ते चेक फाडून टाकावेत. कोऱ्या चेकवर घरातल्या प्रत्येकाची सही घेऊन ठेवण्याची रीत जुनी आहे. छात्रापुरती ती थांबवावी. मुलीच्या खात्याबाबत हे अधिक काटेकोरपणे पाळावे. तिचे खाते वडील किंवा भाऊ चालवणार, ही धारणा अजून अनेक घरांत आहे. तुकडीचे नेतृत्व करायला शिकणाऱ्या मुलीने स्वतःच्या पैशांसाठी घरून ओटीपी मागवावा, यात विसंगती आहे.

महिन्याचा अर्धा तास

व्यापाऱ्याच्या मुलाला कीर्द आणि खतावणी नवी नसते. तीच शिस्त खिशातल्या छोट्या वहीत आणता येते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अर्धा तास काढून जमा, खर्च आणि शिल्लक लिहावी आणि बँकेच्या उताऱ्याशी पडताळावी. तुकडीतील मित्राला दिलेले उसने पैसेही लिहावेत. रक्कम लहान असली तरी विसरलेली उसनवारी मैत्रीत कटुता आणते, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही. स्वतःचे कार्ड किंवा खाते दुसऱ्याला वापरायला देऊ नये आणि दुसऱ्यासाठी पैसे खात्यात घेऊन पुढे पाठवू नयेत. थोड्या मोबदल्यावर खाते ‘भाड्याने’ मागणाऱ्या टोळ्या विद्यार्थ्यांनाच हेरतात.

पालकांनी महिन्याचा ताळा पाहावा, रोजचा नाही. एखाद्या महिन्यात चारशे रुपये कशावर गेले हे विचारून मुलाला ओशाळवाणे करण्याने काही साधत नाही. तीन महिने सलग खर्च वाढत असेल, तर सुटीत घरी आल्यावर वही समोर ठेवून बोलावे.

फसवणुकीबाबत दोन गोष्टी घरातील सर्वांना ठाऊक असाव्यात. खात्यातून नकळत पैसे गेले तर तत्काळ बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइतामुळे झालेला गैरव्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला, तर ग्राहकावर भार पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास मर्यादित भार पडतो. गुप्त क्रमांक किंवा ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. दुसरी गोष्ट, सैनिकी अधिकारी असल्याचे भासवून पैसे उकळणारे भामटे पुष्कळ आहेत. दुकानदारांना तर ते मोठ्या खरेदीची ऑर्डर देऊन फसवतात. मुलगा प्रबोधिनीत आहे हे कळल्यावर ‘तो आजारी आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असा फोनही येऊ शकतो. असा फोन आला तर तो ठेवून सूचनापत्रातील अधिकृत क्रमांकावर स्वतः चौकशी करावी.

वारस, विसरलेली खाती आणि चौथे वर्ष

नामनिर्देशन करताना घरातील मोठी माणसे कचरतात. सैन्यात जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो विषय अशुभ वाटतो. तरीही तो पहिल्याच दिवशी करावा, कारण तो केवळ कागद आहे आणि नसला तर मागे राहिलेल्यांना फार हेलपाटे घालावे लागतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यासाठी चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते. मालकी वारसा कायद्याने ठरते, हेही घरात समजलेले असावे.

शाळेच्या शिष्यवृत्तीचे, जुन्या बचतीचे, पतसंस्थेचे अशी दोन-तीन खाती मुलाच्या नावे पडून असतात. दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने स्वतः व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होते. ती परत मिळवता येते, पण खटपट करावी लागते. रुजू होण्यापूर्वीच अशी खाती बंद करून रक्कम एकत्र करावी.

चौथ्या वर्षी विद्यावेतन सुरू होते. राजादेश मिळाल्यानंतर वेतनाबरोबर दरमहा १५,५०० रुपयांचे सैनिकी सेवा वेतन मिळते आणि प्रशिक्षणकाळातील अनुज्ञेय भत्त्यांची थकबाकीही हाती येते. भूदलाच्या अधिकाऱ्यांच्या वेतनाचा हिशेब पुण्यातील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक कार्यालयात ठेवला जातो. सेनादलांनी अनेक बँकांशी वेतन खात्यांचे करार केले आहेत. त्यांत अपघात विम्यासारख्या सवलती असतात आणि बँकेगणिक त्या बदलतात. खाते ठरवताना अटींचा कागद मागून वाचावा. याच सुमारास बँका छात्रांना वैयक्तिक कर्जेही देऊ करतात. हप्ता पुढच्या वेतनातून सहज फिटेल, असे सांगितले जाते. व्याजाचे गणित लहानपणापासून ऐकलेल्या मुलाने ते येथे स्वतःसाठी मांडावे: मोटारसायकल आज हवी की सहा महिन्यांच्या बचतीनंतर? अधिकाऱ्यांसाठीच्या भविष्य निर्वाह निधीत दरमहा ठरावीक भाग कापला जातोच. तो आरंभीच थोडा वाढवून ठेवला, तर वेतन खर्च होण्याआधीच बचत होते.

प्रस्थानाच्या पंधरा दिवस आधी एका कागदावर एवढे लिहून तपासावे: सज्ञान म्हणून नोंद किंवा तिची तारीख, पॅन व आधारवरील नाव, छात्राचा स्वतःचा भ्रमणध्वनी क्रमांक, चालू असल्याची खात्री केलेले कार्ड, चेकबुक, नामनिर्देशन, दरमहाची स्थायी सूचना, बंद केलेली जुनी खाती. कार्ड एकदा घराजवळच्या यंत्रात वापरून पाहावे. मग पासबुक आणि चेकबुक मुलाच्या पेटीत ठेवावे आणि पेढीच्या वहीत त्या खात्याचे पान बंद करावे. दरमहा जाणारा हातखर्च घरखर्चात लिहिला की पुरे. पुढचा हिशेब तो स्वतः ठेवील.